मावळच्या कादंबऱ्या: पडद्यावर आणि घरात

गो. नी. दांडेकरांच्या दोन कादंबऱ्यांतून मावळ तालुका मराठी पडद्यावर आला. ‘पवनाकाठचा धोंडी’ हा अनंत ठाकूर यांचा १९६६ सालचा चित्रपट. त्याची कथा पवन मावळात, तुंग किल्ल्याच्या आसऱ्याला राहणाऱ्या माणसांची आहे. विजयदत्त दिग्दर्शित ‘माचीवरला बुधा’ २०१७ साली आला आणि तो लोणावळ्याजवळच्या राजमाचीवर घडतो. या दोहोंच्या मध्ये, १९७७ साली, जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ निघाला. त्याची मूळ कादंबरीही गोनीदांचीच, पण ती घाटाखालच्या ठाकरांची. मुलांना साहित्यावरचे चित्रपट दाखवावेत का, कोणत्या वयात दाखवावेत आणि आधी पुस्तक द्यावे की चित्रपट, हे प्रश्न अनेक घरांत पडतात. त्यांचा विचार करायला हे तीन चित्रपट फार उपयोगी आहेत.

गोनीदांचा जन्म १९१६ सालचा, परतवाड्याचा. तेराव्या वर्षी शाळा सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, खूप हिंडले आणि शेवटी तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले. मावळातले गड, तिथल्या वाड्या-वस्त्या आणि त्यांतली माणसे त्यांनी पायी फिरून पाहिली होती. त्यामुळे त्यांच्या कादंबरीत जागा ही नुसती पार्श्वभूमी नसते. राजमाचीवाचून बुधा उभा राहत नाही, तुंगावाचून धोंडी उभा राहत नाही. या पुस्तकांवर चित्रपट करणाऱ्याची पहिली कसोटी तिथेच लागते.

कादंबरी आणि चित्रपट यांची साधने वेगळी आहेत. कादंबरीला माणसाच्या मनात शिरता येते. तो काय आठवतो, कशाला भितो, हे लेखक सरळ सांगू शकतो. पडद्यावर मात्र मनातले सगळे चेहऱ्यातून, हालचालीतून, बोलण्यातून किंवा गाण्यातून बाहेर काढावे लागते. शिवाय आठ दिवस पुरवून वाचलेले पुस्तक दोन-अडीच तासांत बसवायचे, म्हणजे पात्रे गळतात, प्रसंग एकमेकांत मिसळतात, शेवटही कधी बदलतो. म्हणून पुस्तकातला एखादा प्रसंग चित्रपटात नाही एवढ्याने चित्रपट फसला असे म्हणता येत नाही. तो प्रसंग पुस्तकात जे काम करत होता, ते काम चित्रपटाने दुसऱ्या मार्गाने केले का, हे पाहावे लागते.

‘जैत रे जैत’ हे याचे उत्तम उदाहरण. लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीने नाग्याचा एक डोळा घालवला आणि त्याने तिच्याशी वैर धरले, एवढे कथेचे सूत्र. कादंबरीत हे वैर आणि त्यामागची श्रद्धा निवेदनातून उलगडते. चित्रपटाने ते काम गाण्यांवर सोपवले. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी ठाकरवाडीचे सुखदुःख सांगण्याची जबाबदारी उचलली. मोहन आगाशे यांचा नाग्या आणि स्मिता पाटील यांची चिंधी यांच्याभोवती सारी वाडी गात राहते. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणी लहान मुलांनाही आवडतात, पण कथा लहान मुलांची नाही. चिंधीचे नवऱ्याला सोडून येणे आणि शेवटी तिचा मृत्यू, हे समजून घ्यायला मूल बारा-तेरा वर्षांचे तरी हवे. त्या वयात मोठ्यांनी शेजारी बसून हा चित्रपट जरूर दाखवावा.

‘पवनाकाठचा धोंडी’लाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. किल्ल्याची हवालदारी पिढ्यानपिढ्या मिरवलेल्या घरातला धोंडी, त्याचा मान आणि त्याचा संसार हा त्याचा विषय. मावळातल्या आजच्या मुलांसाठी या कथेचे मोल आणखी एका कारणाने वाढले आहे. तुंगाच्या पायथ्याशी आज पवना धरणाचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. कादंबरीतला पवनेचा काठ हा जलाशय होण्याआधीचा आहे. आज सुटीत मुले जिथे पाण्याकाठी तंबू ठोकून राहतात, तिथे पूर्वी कसली शेते होती, माणसे कशी नांदत होती, हे त्यांना या पुस्तकातून कळते.

‘माचीवरला बुधा’ पडद्यावर आणायला सगळ्यांत अवघड. मुंबईत आयुष्य काढलेला म्हातारा बुधा राजमाचीवर, टेमलाईच्या पठारावर परत येतो आणि झाडे, पाखरे, जनावरे यांच्या सोबतीने राहू लागतो. कथेत भांडण नाही, खलनायक नाही, रहस्य नाही. वेगवान दृश्यांची सवय झालेले मूल पहिल्या काही मिनिटांत चुळबुळ करू लागते. तरीही आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दाखवायला या तिघांत हाच चित्रपट अधिक योग्य. जनावरांशी जुळणारे नाते त्या वयाला लगेच कळते, आणि गाव सोडून शहरात गेलेल्या आजोबांची गोष्ट मावळातल्या अनेक घरांत खरीखुरी घडलेली आहे. सुहास पळशीकरांनी बुधा साकारला आहे. पुस्तकातली शांतता चित्रपटात तेवढीच राहिली का, यावर मतभेद होऊ शकतात. लोणावळ्याहून सुमारे पंधरा किलोमीटर चालून राजमाचीला गेलेल्या मुलाला मात्र त्या शांततेचा अर्थ आपोआप उमगतो.

भाषेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. गोनीदांची पात्रे आपापल्या बोलीत बोलतात. तळेगाव, वडगाव किंवा लोणावळ्याच्या सोसायटीत वाढणाऱ्या, इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला ही बोली कागदावर अडखळायला लावते. तीच कानावर पडली की सोपी होते, कारण आवाजाचा चढउतार अर्थ सांगून जातो. चित्रपट इथे पुस्तकाची मदत करतो. हीच मदत अभिवाचनही करते. गोनीदांच्या कन्या वीणा देव, जावई विजय देव आणि नात मृणाल कुलकर्णी यांनी त्यांच्या कादंबऱ्यांची अभिवाचने वर्षानुवर्षे गावोगावी केली. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, समोर फक्त पुस्तक आणि आवाज. श्रोत्यांनी राजमाची आणि तुंग आपापल्या मनात उभे केले. पुस्तक आणि पडदा यांच्यामधला हा पूल कोणत्याही घरात बांधता येतो.

मावळाबाहेरची उदाहरणेही हेच सांगतात. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिच्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. २०२३ साली सुजय डहाके यांनी तीच गोष्ट पुन्हा, कृष्णधवल रंगांत, पडद्यावर आणली. एकाच पुस्तकाचे दोन चित्रपट मुलांसोबत पाहिले की रूपांतर म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मूळ पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेले आहे. रोज एक रात्र मोठ्याने वाचली तर दीड महिन्यात ते पुरे होते.

‘फास्टर फेणे’चे उदाहरण दुसऱ्या टोकाचे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. आदित्य सरपोतदारांच्या २०१७ सालच्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला. अमेय वाघने तो झकास रंगवला, पण चित्रपट थरारपट बनला आणि पुस्तकाचा आठ-दहा वर्षांचा वाचक त्यातून बाहेर राहिला. चित्रपट चांगला असला तरी ज्या वयासाठी पुस्तक होते त्या वयासाठी तो उरला नाही, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यायला हवी. याउलट मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वरच्या चित्रपटाने आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलांचे वय जसेच्या तसे जपले. त्याच्या रूपांतरित पटकथेसाठी अविनाश देशपांडे निगडी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने तो घरच्यांसोबत पाहिला तर त्या वयातल्या ओढीबद्दल मोकळेपणी बोलता येते.

वयाचा अंदाज बांधायला प्रमाणपत्र उपयोगी पडते. २०२४ च्या नियमांपासून ‘यूए’ प्रमाणपत्राचे तीन गट झाले आहेत: सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढील. त्याखालच्या वयाच्या मुलांसाठी पालकांनी निर्णय घ्यावा, असा त्याचा अर्थ. जुन्या चित्रपटांवर हे गट नसतात. तिथे पालकाने चित्रपट आधी स्वतः पाहणे हाच सुरक्षित मार्ग.

आधी पुस्तक की आधी चित्रपट, याचे एकच उत्तर सगळ्या मुलांना लागू पडत नाही. ज्याला वाचनाची गोडी आहे त्याला पुस्तक आधी द्यावे. त्याच्या मनातला बुधा त्याचा स्वतःचा असतो आणि तो एकदा तयार झाला की पडद्यावरचा चेहरा त्याला पुसू शकत नाही. ज्याला वाचन जड जाते, बोली परकी वाटते, त्याला चित्रपट आधी दाखवावा आणि मग त्यातला आवडलेला प्रसंग पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवावा. “हे सिनेमात नव्हतं” असे मूल म्हणाले की ते वाचक झाले.

यातून रूपांतराची पारखही हाती येते. जो चित्रपट पाहून पुस्तक उघडावेसे वाटते आणि पुस्तक मिटून गडावर जावेसे वाटते, तो चित्रपट मूळ कृतीशी इमान राखतो. मावळातल्या पालकांना हे सहज साधण्यासारखे आहे. पुस्तकातले गड त्यांच्या खिडकीतून दिसतात. येत्या हिवाळ्यात एखाद्या रविवारी ‘माचीवरला बुधा’ पिशवीत टाकावा, मुलांना घेऊन राजमाचीला जावे आणि माचीवर बसून त्याची पहिली चार पाने त्यांना वाचून दाखवावीत.