विश्लेषण : सुट्टीतली नोकरी… अनुभवासाठी की पगारासाठी?

उन्हाळी परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो आणि जूनमध्ये कॉलेज पुन्हा सुरू होते. मधल्या काही आठवड्यांत काय करायचे, हा प्रश्न गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या घराघरांत दर वर्षी येतो. कोणाला पुढच्या वर्षाची फी उभी करायची असते, कोणाला अभ्यासक्रमातले क्रेडिट पूर्ण करायचे असतात, तर अनेकांना दोन्ही हवे असते. या पट्ट्यात कामे आहेत. पण पगार देणारे काम, क्रेडिट देणारे काम आणि फसवणारे काम यांतला फरक आधी ओळखावा लागतो.

इंटर्नशिप आणि नोकरी यांत फरक काय?

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आता प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, म्हणजे ‘ओजेटी’ला, क्रेडिट आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने इंटर्नशिपचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिटसाठी १२० तास लागतात. रोज सहा तास काम केले तर २० दिवसांत ते पूर्ण होतात. मात्र हे काम मुख्य विषयाशी संबंधित असावे लागते आणि कॉलेजची मान्यता आधी घ्यावी लागते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने साडीच्या दुकानात महिनाभर उभे राहून पगार मिळवला, तरी त्याचे क्रेडिट आपोआप मिळत नाहीत. उलट, क्रेडिट देणाऱ्या अनेक इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन नसते. जेवण आणि प्रवासाचा खर्च विद्यार्थ्यालाच करावा लागतो. म्हणून रुजू होण्यापूर्वी कॉलेजमधल्या समन्वयक प्राध्यापकांकडे दोन गोष्टी विचाराव्यात : हे काम चालेल का आणि तासांची नोंद कोणाच्या सहीने लागेल?

सरकारी योजनांचा उपयोग होतो का?

येथे अनेकांची गल्लत होते. ‘पंतप्रधान इंटर्नशिप योजना’ ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिची अट २१ ते २४ वर्षे वयाची आणि पूर्णवेळ शिक्षण घेत नसलेल्या तरुणांची होती. कालावधीही १२ महिन्यांचा. राज्याच्या ‘मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजने’तही २०२४ च्या नियमांनुसार शिक्षण चालू असलेले उमेदवार बसत नाहीत. म्हणजे २०२४ च्या या नियमांनुसार दोन्ही योजना शिक्षण संपल्यानंतरच्या होत्या, सुट्टीतल्या नव्हेत. सुट्टीत काम हवे असलेल्या विद्यार्थ्याने त्यांच्या अर्जात वेळ घालवू नये.

कोणत्या भागात कोणते काम?

लालबागमध्ये मार्च ते मे हा मसाल्याचा हंगाम. वर्षभराचा मसाला करून घ्यायला दूरवरून लोक येतात. मिरची-धणे निवडून वजन करणे, डंखावर कुटायला पाठवणे, पावत्या आणि पार्सल यासाठी दुकानांना जादा माणसे लागतात. काम रोख पैशांचे. पण मिरचीचा खकाणा सोसणारे नाक हवे. दम्याचा त्रास असलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. लालबाग-परळच्या गणेशमूर्ती कार्यशाळांतही उन्हाळ्यात कामाला वेग येतो. साच्यात भरण, घासकाम, रंगाची तयारी यांसाठी चित्रकला-शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांना येथे शिकायलाही मिळते.

दादरमध्ये लग्नसराईचे कापड आणि मेअखेरीस वह्या-पुस्तके, दप्तरे, छत्र्या-रेनकोट अशी खरेदीची लाट असते. रानडे रोड आणि हिंदमाता परिसरातली दुकाने ओळखीतून माणसे घेतात. तेथे अर्ज पाठवण्यापेक्षा दुपारच्या निवांत वेळी प्रत्यक्ष जाऊन मालकाला भेटणे अधिक उपयोगी. गिरगाव, फोर्ट आणि दादरमधल्या सीए व करसल्लागारांच्या कार्यालयांत जुलैअखेरपर्यंत विवरणपत्रांची गडबड असते. टॅली आणि एक्सेल येणाऱ्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पगार आणि विषयाचा अनुभव दोन्ही देणारी ही मोजकी जागा.

परळ, लोअर परळमध्ये चित्र वेगळे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागी मॉल, माध्यम कंपन्या, वित्तसंस्था आल्या. आजोबा ज्या आवारात खात्यावर होते, तेथे नातू किंवा नात लॅपटॉप घेऊन जाते. मात्र या कार्यालयांत दारावर जाऊन काम मिळत नाही. तेथे बायोडेटा, ईमेल आणि आधीची तयारी लागते.

शोध कधी सुरू करावा?

मोठ्या संस्थांसाठी एप्रिल म्हणजे उशीर. फोर्टमध्ये मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेचे उदाहरण बोलके आहे. तिच्या उन्हाळी प्रकल्पांसाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये घेतले जातात, काम एप्रिलपासून सुरू होते. दिवाळीच्या सुट्टीत बायोडेटा तयार असेल तरच तेथे संधी. छोटी कार्यालये फेब्रुवारी-मार्चमध्ये विचारणा ऐकून घेतात, दुकाने मात्र आठवडाभर आधीही माणूस घेतात. केटी असलेल्यांनी फेरपरीक्षेची तारीख पाहूनच होकार द्यावा.

पगाराबाबत कायदा काय सांगतो?

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देता येत नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि राजीनामा दिल्यास उरलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत. हे नियम कर्मचाऱ्यांसाठी आहेत. इंटर्नच्या विद्यावेतनाचा आधार मात्र हातातल्या पत्राचाच असतो. त्यामुळे कामाचे स्वरूप, तास, रक्कम आणि शेवटची तारीख लिहून घ्यावी. दुकानात पत्र मिळत नसेल तर ठरलेले व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘हो’ मिळवावे आणि रोजची हजेरी आपल्याकडेही लिहावी. ‘पहिले पंधरा दिवस शिकाऊ, पैसे नंतर बघू’ असे ऐकल्यास रक्कम तेव्हाच ठरवावी. नंतर बघण्याची वेळ बहुधा सुट्टी संपल्यावर येते.

हाती नेमके किती उरते?

रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास घर ते शिक्षणसंस्था एवढ्याच प्रवासासाठी असतो. कामाच्या ठिकाणी जाण्यासाठी पूर्ण दराचा पास काढावा लागतो. त्यात दुपारचे जेवण, मोबाइलचा रिचार्ज धरला तर विनावेतन इंटर्नशिप ही प्रत्यक्षात घरच्यांच्या पैशांनी केलेली नोकरी ठरते. ज्याला फी भरायची आहे, त्याने आधी हा हिशेब मांडावा. विद्यावेतनातून टीडीएस कापला गेला आणि वार्षिक उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो.

फसवणूक कशी ओळखावी?

काम देणारा पैसे मागत नाही. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, लॅपटॉपची अनामत अशी मागणी आली की थांबावे. टेलिग्रामवर व्हिडीओ ‘लाइक’ करण्याचे आधी शे-दोनशे रुपये देणारे नंतर हजारोंची गुंतवणूक मागतात. घरबसल्या डेटा एंट्री देऊन, चुका झाल्याचे सांगत दंड भरण्याची धमकी देणारेही असतात. सर्वांत धोकादायक म्हणजे कमिशनच्या बदल्यात बँक खाते वापरायला मागणे. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला की खाते गोठते आणि पोलीस खातेदारापर्यंत पोहोचतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या मदतवाहिनीवर कळवावे.

शिकता शिकता कमावणे नवे आहे का?

मुळीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हा विचार रयत शिक्षण संस्थेतून रुजवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये मुंबईत सुरू झाले. तेथे सकाळी वर्ग भरत, त्यामुळे दिवसा नोकरी करणाऱ्यांना पदवी घेता आली. त्या पिढीपुढे इंटर्नशिपचा पर्याय नव्हता; कामाचे दाम मिळतच आणि त्यातूनच शिक्षण होई.

शेवटच्या दिवशी काय घ्यावे?

उरलेला पगार, तासांचा उल्लेख असलेले अनुभवपत्र आणि ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांचा संपर्क. कॉलेज सुरू झाल्यावर यांपैकी एकेक गोष्ट मिळवणे कठीण होत जाते. अनुभवपत्राचा मजकूर स्वतः टाइप करून नेला, तर दुकानदारही त्यावर शिक्का मारून देतो.