करंगळीसाठी हलका खटका

धाराशिव जिल्ह्यात सास्तूर नावाचे गाव आहे. संगणकावर इनस्क्रिप्ट पद्धतीने ‘सास्तूर’ लिहायचे, तर कळ किती वेळा दाबावी लागेल? स, काना, स, हलन्त, त, दीर्घ उकार आणि र. म्हणजे सात वेळा. आता सांगा पाहू, यात तुमच्या बोटांनी किती काम केले?

उत्तर कळीच्या पोटात आहे. स्वस्त कळफलकात कळांखाली रबराच्या टोप्या असतात. यांत्रिक कळफलकात मात्र प्रत्येक कळीला स्वतंत्र खटका असतो. त्यात एक दांडी, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. दांडी खाली गेली, की पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि विद्युत्मंडल पूर्ण होते. जर्मनीतील चेरी कंपनीचा लाल दांडीचा खटका प्रसिद्ध आहे. तो 2 मिलिमीटर दबला की अक्षर उमटते. त्या वेळी बल सुमारे 45 ग्रॅम-भार, म्हणजे 0.44 न्यूटन असते. 4 मिलिमीटरला दांडी तळाला टेकते. सरासरी बल तेवढेच धरले, तर एका दाबाचे काम 1.8 मिलिज्यूल भरते. सात दाबांत 100 ग्रॅमचा पेरू जेमतेम सव्वा सेंटिमीटर उचलला जाईल!

एवढ्याशा कामाने बोटे का दुखावीत? कारण काही बोटांना तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागते. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय मानक ब्यूरोच्या 1991 च्या मानकात आहे. तिच्यात ‘च’ उजव्या करंगळीकडे आला आहे. आणि मराठीत ‘चा, ची, चे’ वाचून कोणाचे चालते? रामाचा, शाळेची, गावाचे, प्रत्येक वेळी बिचारी करंगळीच राबते.

यावर एक सोपा उपाय आहे. काही कळफलकांत खटके सोल्डर केलेले नसून खोबणीत नुसते खोचलेले असतात. अशा कळफलकात ‘च’खाली 35 ग्रॅम-भाराचा खटका घालावा आणि बाकीचे 45 चेच ठेवावेत. खेळ खेळणारे लोक हीच सोय आपल्या आवडीच्या कळांसाठी वापरतात. कळांखाली रंगीत दिवेही लावतात. त्यांनी बोटांना काहीच आराम मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको.

खटका बदलण्यापूर्वी कळफलकाची तार संगणकातून काढा. कळीची टोपी वर ओढा, मग चिमट्याने खटक्याच्या दोन्ही बाजूंची कुसे दाबून तो सरळ वर उचला. नवा खटका बसवताना त्याच्या तळाच्या बारीक तारा खोबणीच्या भोकांसमोर आहेत ना, हे आधी पाहा. तिरका दाबला तर तार वाकते आणि कळ मुकी होते.

खटका खरोखर हलका आहे का, हे मोजता येते. 2011 च्या मालिकेतील पाच रुपयांचे नाणे 6 ग्रॅमचे असते. तशी नाणी कळीच्या मध्यावर एकेक करून हलकेच ठेवा. सात नाण्यांपर्यंत पडदा कोरा राहिला आणि आठव्याला अक्षर उमटले, तर बल 42 ते 48 ग्रॅम-भारांच्या दरम्यान आहे. हलक्या खटक्याला सहाव्या नाण्यालाच अक्षर यायला हवे. नाणे वरून टाकू नका. पडत्या नाण्याचा धक्का त्याच्या वजनाहून मोठा असतो.