दिवाळीचा साबण अनंत चतुर्दशीलाच

खामगावात साबणाचा मोठा कारखाना आहे, पण अभ्यंगस्नानासाठी वाळ्याच्या वासाची वडी घरीही पाडता येते. घाई मात्र चालत नाही. वडी मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. अनंत चतुर्दशीला पाडली तर नरकचतुर्दशीला अंगाला लावण्याजोगी होते.

५०० ग्रॅम खोबरेल तेलाला ७३ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा आणि सुमारे १७० ग्रॅम पाणी, सगळं काट्यावर तोलून. एवढ्या सोड्यात साधारण पाचवा हिस्सा तेल मोकळं राहतं, म्हणून कातडी ओढत नाही. हातमोजे, चष्मा हवाच. मुलांना लांब ठेवा. सोडा हळूहळू पाण्यात सोडायचा. सोड्यावर पाणी कधीच ओतू नका, उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियम सोडा खातो.

हे पाणी कोमट झालं की कोमट तेलात घालून घुसळत राहायचं. पळीतून सोडलेली धार वर रेघ होऊन टिकली, की वाळ्याचं तेल घालून लगेच साच्यात ओता. गुलाबाच्या पाकळ्या मात्र आत घालू नयेत, सोड्याने काळपट पडतात. वाळ्याचा जड, मातकट वास वडीत छान टिकतो.