मृत्युपत्र आणि घरांतील जुन्या वस्तु

जमिनीची वांटणी करतांना आपले लोक सर्व्हे नंबर, चतुःसीमा, आंब्याचीं कलमें, माडांची मोजदाद, सर्व कसोशीनें लिहवून घेतात. देव्हाऱ्यांतील टांक, आजीची नथ, तांब्याचा बंब, भात मोजण्याची पायली, किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरावर पणजोबांचें वल्हें, यांविषयीं मात्र "घरांतील सामान सर्वांनीं समान घ्यावें" याहून अधिक अक्षर सांपडत नाहीं. नथ समान कशी कापावी? बाजारांत जिला मोल नाहीं त्याच वस्तूवरून भावाभावांत अबोला धरला जातो.

वस्तु हातची गेल्यावर काय होतें, याचें उदाहरण रत्नागिरींतच आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ सालीं मृत्यु येईपर्यंत येथें नजरकैदेंत होता. १८८५ सालीं मंडाले पडलें तेव्हां राजघराण्याचें मोठें माणिक कर्नल स्लेडन यांनीं सांभाळण्यास म्हणून नेलें, असें त्याचें म्हणणें होतें. त्यानें सरकारकडे तक्रार केली. माणिक कांहीं मिळालें नाहीं.

लिहिण्यापूर्वीं वस्तु कोणाची हें पाहावें. पत्नीचे दागिने हें तिचें स्त्रीधन; १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि हें स्पष्ट केलें आहे. पतीनें तीं आपल्या मृत्युपत्रांत घातलीं तरी तो लेख पोकळच. पुष्कळ गृहस्थ नेमके येथेंच चुकतात! कुलदेवतेच्या मूर्तीची गोष्ट याहून निराळी. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें १९२५ सालीं सांगितलें कीं, मूर्ति ही केवळ जंगम मालमत्ता नव्हे. तेव्हां मूर्ति वांटूं नये. पूजेच्या पाळ्या आणि नैवेद्याचा खर्च लिहावा.

हिंदु मनुष्याच्या मृत्युपत्रास १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणें किमान दोन साक्षीदार लागतात. मुद्रांक लागत नाहीं. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावी हें बरें. वस्तूचें वर्णन असें असावें कीं तिऱ्हाइतासहि ती ओळखतां यावी: "नथ" एवढेंच न लिहितां वजन, मोत्यांची संख्या, कोणाकडून आली, कोठें ठेविली आहे, हें सर्व. लिहिल्यानंतर ती नथ विकली किंवा मोडून दुसराच जिन्नस केला, तर ती देणगी रद्द होते. मग मृत्युपत्रहि सुधारलें पाहिजे.

मिरकरवाड्यांत मुसलमान कुटुंबेंहि आहेत, म्हणून एक भेद सांगतों. सुन्नी मुसलमानास अंत्यविधि व कर्ज वजा जातां उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापलीकडे वारसांच्या संमतीवांचून मृत्युपत्रानें देतां येत नाहीं. वारसालाच द्यावयाचें तर तृतीयांशाच्या आंतहि इतर वारसांची संमति लागते, आणि तीहि देणाऱ्याच्या मृत्यूनंतरची. त्यांस हयातींतील हिबा, म्हणजे ताबा देऊन केलेलें दान, सोयीचें पडतें.

हयातींत देण्याचा मार्ग हिंदूंसहि मोकळा आहे. जंगम वस्तु प्रत्यक्ष हातीं दिली म्हणजे त्या बक्षिसास नोंदणी लागत नाहीं. मात्र नौका ही स्मरणवस्तु समजूं नये. तिची सरकारदरबारीं नोंद असते व ती नव्या मालकाच्या नांवें करून घ्यावी लागते. वल्हें तसेंच देतां येतें. देण्यापूर्वीं मुलांस, लग्न होऊन गेलेल्या मुलींस व मुंबईस राहणाऱ्या धाकट्यासहि विचारावें. कोणास काय हवें याचा बापाचा अंदाज बहुधा चुकतो. बंबाकडे कोणी ढुंकून पाहात नाहीं, आणि चेपलेल्या पायलीसाठीं दोघे हात पुढें करतात.