बऱ्हाणपूरच्या बागा आणि जमिनीखालचे पाणी

ईस्टरनंतर धर्मग्रामाची सहल काढणार असाल, तर बऱ्हाणपूरचा शाही किल्ला पाहून तसेच परतू नका. तापीपलीकडे जैनाबादला आहूखाना आहे. ही मोगलांची मृगयेची बाग. १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात वारलेल्या मुमताजमहलला प्रथम येथेच पुरले होते. राजघराण्यातही हे मरण टळले नाही, हे आमच्या घरांनी ध्यानात घ्यावे.

पण आम्हां केळीवाल्यांनी आवर्जून पाहावा तो कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमारास, खानखाना अब्दुर्रहीमच्या काळात तो बांधला. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पावसाचे पाणी भुयारात घेऊन, नुसत्या उताराने शहराला पुरवले. शंभरावर कुंड्या ओळीने आहेत. ना मोट, ना पंप! आता चुन्याचे थर साचून भुयार अरुंद होत आहे आणि भोवतालच्या विंधनविहिरी तेच पाणी ओढतात.

केळ किती पाणी पिते, हे आम्हांला कोणी सांगायला नको. म्हणून ठिबक बसवावे, शेताच्या वरच्या अंगाला चर खणून पावसाचे पाणी मुरवावे, वाळला पाला न जाळता बुंध्याशी पसरावा. करपा पडलेली पाने मात्र बागेबाहेर नेऊन नष्ट करावीत.