चुन्याने उघडलेला मका

मक्याचं पीठ मळून पोळीसारखं लाटायला घेतलं की कडा फाटतात, उचलायला गेलं तर तुकडे हातात येतात. मक्यात ग्लुटेन नसतं, म्हणून आपण गरम पाण्यात मळून भाकरी थापतो. पण मेक्सिकोत याच मक्याची पातळ, गुंडाळली तरी न मोडणारी तोर्तिया होते. तीही चिमूटभर गहू न घालता!

ही किमया चुन्याची. वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे आणि रात्रभर त्यातच राहू द्यायचे. सकाळी दाणा बोटांत चोळा, बुळबुळीत झालेलं टरफल आपसूक सुटून येतं, कारण त्याला घट्ट धरून ठेवणारं हेमिसेल्युलोज त्या अल्कधर्मी पाण्यात विरघळलेलं असतं. दाणे धुऊन ओलेच वाटले की चिकट, लवचिक गोळा तयार होतो. त्याला तिथे ‘मासा’ म्हणतात. ही रीत निदान तीन हजार वर्षं जुनी आहे.

खरं नवल तर पुढेच आहे. मक्यात नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व असतं, पण बहुतेक सगळं असं जखडलेलं की आपल्या आतड्याला ते मिळतच नाही. चुना ते मोकळं करतो. वर दाण्यातलं कॅल्शियमही कित्येक पटींनी वाढतं. जीवनसत्त्व हा शब्द जन्माला येण्याआधी हजारो वर्षं हे कुणीतरी चुलीपाशी साधलं होतं. मला तर पाकशास्त्राच्या इतिहासात याहून मोठा शोध दिसत नाही.

कोलंबसानंतर मका युरोपात गेला, पण ही रीत मागेच राहिली. उत्तर इटलीतले गरीब शेतकरी मक्याच्या पिठाच्या पोलेंतावर दिवस काढू लागले आणि त्यांना पेलाग्रा जडला. उन्हात उघडी राहणारी कातडी लाल, खरखरीत होई, जुलाब लागत, शेवटी बुद्धिभ्रंश. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी 1735 मध्ये हा रोग नोंदवला. पुढे तो अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरला, तेव्हा सगळे जंतू शोधत बसले. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर म्हणाले, दोष जेवणात आहे. हा रोग संसर्गाचा नाही हे पटवायला 1916 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या त्वचेचे पापुद्रे आणि विष्ठाही गोळ्यांतून गिळली. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. 1937 मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी नायसिन हे त्यावरचं औषध असल्याचं दाखवलं.

आपलं दख्खनही यातून सुटलं नव्हतं. हैदराबादच्या आसपास जवळपास नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या मजुरांमध्ये पेलाग्रा आढळे. डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा संशय ज्वारीत मुबलक असलेल्या ल्युसिन या अमिनो आम्लावर गेला. धान्य मक्याचं असो की ज्वारीचं, नुसत्या भाकरीवर भागवू नये. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं, तेव्हा ताटात शेंगदाण्याची चटणी सढळ हाताने वाढावी.