नवा एसएमपीएस घेताय? आधी भिंतीकडे बघा!

नवं ग्राफिक्स कार्ड आलं, बसवलं, गेम सुरू झाला... आणि ऐन रंगात पीसी ठप्प! पुन्हा चालू केला तर विंडोजपर्यंत नीट येतो, जोर लावायची वेळ आली की परत मान टाकतो. अशा वेळी पहिला संशय घ्यावा तो कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या त्या लोखंडी डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवर. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणारा हा गडी. प्रोसेसरचे गोडवे सगळेच गातात, याची आठवण मात्र जळका वास आल्यावरच होते.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याहून रत्नागिरीला आलेल्या अनेकांनी घरातल्या जुन्या पीसीवरची धूळ झटकून तिथेच ऑफिस थाटलं. काहीजण इथेच रमले. दिवसा एडिटिंग नाहीतर कोडिंग, रात्री गेमिंग. मग जुन्या डब्यात नवं कार्ड घालायचा मोह होणारच!

आता हा डबा किती वॅटचा घ्यायचा? खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघांची खरी भूक तिथूनच भागते. ‘४५० वॅट’ म्हणून मिरवणाऱ्या डब्यावर १२ व्होल्टखाली १६ अँपिअर असतील, तर हिशेब १२ गुणिले १६, म्हणजे फक्त १९२ वॅट! आरटीएक्स ३०६० कार्ड एकटंच १७० वॅट मागतं. कोअर आय५-१२४०० जोरात असताना ११७पर्यंत जातो. बोर्ड, डिस्क, पंखे धरून मामला साडेतीनशेच्या घरात. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅट सुचवते, ते उगाच नाही. आणि मोठा एसएमपीएस घेतला म्हणून बिल फुगेल ही भीती सोडा. पीसी मागेल तेवढीच वीज तो ओढतो.

बसवणं तसं चार स्क्रूंचं काम. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. मग पीसीचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, उरलीसुरली वीज उतरते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्टॅटिक जाते. आत प्रोसेसरची आठ पिनची वायर आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनची वायर बहिणी-बहिणींसारख्या दिसतात, पण त्यांची जोडणी वेगळी. जात नसेल तर कोंबू नका. सुट्या वायरींचा मॉड्युलर एसएमपीएस असेल तर जुन्याच्या वायरी नव्याला लावायच्या नाहीत. खाच तीच असली तरी आतला क्रम कंपनीगणिक बदलतो, आणि मग हार्ड डिस्कसकट सगळा डेटा जातो. काही डब्यांना मागे ११५/२३०ची लाल खिटी असते. ती २३०वरच हवी, नाहीतर पहिल्याच स्विचला फटाका! आणि जुना डबा ‘बघूया तरी आत काय झालं’ म्हणून उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात.

झिणझिण्यांचं रहस्य

आता खरी गोष्ट. कॅबिनेटला अनवाणी हात लावला की झिणझिण्या येतात? ‘एसएमपीएस गेलाय’ म्हणून तो बदललात, तरी झिणझिण्या तशाच? येणारच. एसएमपीएसच्या फिल्टरमधून वीज किंचित पत्र्यावर उतरते आणि अर्थिंगच्या वायरने निघून जाते. अर्थिंगच नसेल तर पत्रा शंभरेक व्होल्टवर लोंबकळत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसती मुंग्यांसारखी चुणचुण. पण उद्या आत खरंच काही तुटलं तर त्या विजेला जमिनीत जायला तुमच्याशिवाय वाट नाही.

रत्नागिरीत हे दुखणं जास्त जाणवतं, कारण पायाखाली जांभा! कातळात अर्थिंगचा खड्डा खोल घेणं जिकिरीचं, आणि पावसाळ्यात चिंब असलेला जांभा एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो. सुक्या जमिनीत वीज मुरत नाही. म्हणून तर जुनी माणसं उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात. शिवाय खारा वारा जोडावरचं लोखंड खातो ते वेगळंच. कित्येक जुन्या घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं, त्यामागे वायरच नसते!

वायरमनकडून मीटर लावून बघा. फेज ते न्यूट्रल जेवढे व्होल्ट, साधारण तेवढेच फेज ते अर्थ यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट ठीक. अगदी शून्य आलं तर मात्र खूश होऊ नका, बोर्ड उघडायला सांगा. काही महाभाग बोर्डातच न्यूट्रलला अर्थची पिन जोडून देतात. झिणझिण्या जातात, गिऱ्हाईक खूश! पण न्यूट्रल कुठे सुटला की कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट. असला जुगाड दिसला तर आधी तो काढा, अर्थिंग नीट करून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. नवं कार्ड महिनाभर थांबेल.

राहता राहिला यूपीएस. कोयनेची वीज आपल्याच जिल्ह्यात पोफळीला तयार होते, जयगडला १२०० मेगावॅटचं केंद्र आहे, तरी मृगाचा पहिला गडगडाट झाला की लाइट जातेच! साधा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. नवं कार्ड जोरात असताना लाइट गेली तर तो नुसता किंचाळून बंद पडेल. त्यातून चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी असतं आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींशी त्याचं नेहमीच जमत नाही. बॅटरीवर जाताक्षणी पीसी रिस्टार्ट होतो. तेव्हा बसवल्या दिवशीच फाइली सेव्ह करा, गेम चालू ठेवा आणि यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करून बघा. आणि विजा चमकायला लागल्या की यूपीएसच्या भरवशावर राहू नका. प्लग काढा, इंटरनेटची तांब्याची केबल असेल तर तीही.